येतोबाची पाठ

शिळोशीच्या शिवेवर, डांबरी रस्ता चढ संपवून गावात शिरतो तिथं, उजव्या हाताला माणसाच्या उंचीचा एक काळा दगड उभा आहे. त्याला हळदकुंकू लावू नका. नारळ फोडू नका. तो देव नाही.

हे मला आता सारखं सांगावं लागतं. शनिवार-रविवार आला की शहराकडनं गाड्या येतात, काचा खाली होतात, कुणीतरी उतरतं, चपला काढतं आणि हात जोडतं. कुणा शहाण्यानं मोबाइलच्या नकाशावर 'श्री येतोबा देवस्थान' असं टाकून दिलंय. तेव्हापासनं तर विचारूच नका. एक बाई लेकराचं जावळ काढायला आली होती. मी म्हटलं, "बाई, लेकरू उचल आणि घरी ने. आज केस दिलेस तर हा उद्या डोकं मागायला येईल." तिला राग आला. येऊ दे.

हात जोडायचेच असतील तर दगडाच्या मागं, पायऱ्या उतरून खाली, खडकात खोदलेलं टाकं आहे, त्याला जोडा. हे टाकं चैत्रात आटतं, तळाचा खडक उघडा पडतो. आणि वैशाखात, आभाळात ढगाचं नख दिसत नसताना, सगळ्या तालुक्यात टँकर फिरत असताना, ते आपसूक भरायला लागतं. कॉलेजातली माणसं आली होती, खडक ठोकून बघितला, नळ्यांतनं पाणी भरून नेलं, आणि परत काही कळवलं नाही. आम्हाला मात्र ठाऊक आहे ते का भरतं. दगडाची पाठ गावाकडं का आहे, तेही ठाऊक आहे.

आमच्याकडची अजून एक रीत तुम्हाला टोचेल. शिळोशीतनं निघताना पाव्हण्यानं 'येतो' म्हणायचं नाही. 'जातो' म्हणायचं. बाकी सगळ्या मुलखात 'जातो' म्हणणं अशुभ. आमच्याकडं उलटं. टाक्यापाशी उभं राहून मोठ्यानं 'जातो' म्हणायचं, आणि तिथं आमचं जे कुणी असेल ते म्हणणार, 'जा.' लोक म्हणतात शिळोशीची माणसं उद्धट. आहोतच. पण उगाच झालो नाही.

फार मागची गोष्ट सांगतात. देशमुखांचा अंमल होता तेव्हाची. शिळोशी म्हणजे तेव्हा थोडी घरं, नाचणी-वरीची खाचरं आणि हे टाकं. दुसरं पाणी नाही. ओढा होता, पण तो होळीपर्यंतच वाहायचा. टाक्याची राखण ठकूबाई नावाच्या बाईकडं होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. माहेर डोंगरापल्याड होतं, ते साथीच्या रोगात बसलं. आईबाप गेले, एकुलता एक पाठचा भाऊ गेला. भाऊबीजेला गावच्या बाया भावाला ओवाळायच्या, तेव्हा ठकू ताट घेऊन टाक्यात उतरायची आणि तळाच्या झऱ्याला ओवाळायची. म्हणायची, "हाच माझा पाठचा." पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसायच्या म्हणे.

टाक्याचा एक नेम होता. पायऱ्या उतरून आत गेलं की खोटं बोलायचं नाही. गावातले तंटे तिथंच सुटायचे. कुणी कुणाचं कोंबडं चोरलं, कुणी बांध सरकवला, की दोघांना खाली उतरवायचं आणि पाण्यात उभं राहून बोलायला लावायचं. खोटं बोलणाऱ्याला पाणी ओढून नेतं, अशी धास्ती होती. एवढं ध्यानात ठेवा.

तर एका उन्हाळ्यात खालच्या मुलखातनं एक माणूस वर आला. बरोबर एक बैल, काखेत वळकटी आणि तोंडावर हसू. त्याचं नाव गावाला तेव्हा ठाऊक होतं, पण पुढं घ्यायचं नाही असं ठरलं आणि न घेता घेता ते विसरलं. बरं झालं. माणूस तहानलेला होता. ठकूबाईनं गुळाचा खडा दिला, तांब्या भरून दिला. तो प्याला, पागोट्याच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "येतो."

ती म्हणाली, "या."

आता ह्यात तिचं काय चुकलं? तुम्ही काय म्हणाला असता? कुणी 'येतो' म्हटलं की आपल्या तोंडून 'या' निघतंच. विचार करून कोण बोलतं?

तो आला. पुढच्या खेपेला दोन बैल घेऊन आला. मग गाईम्हशी घेऊन. बायांना काकणं आणली, पोरांना खजूर, पाटलाला पानाची नक्षीदार चंची. टाक्यावर बसायचा, चार गोड गोष्टी बोलायचा, निघताना हात जोडायचा. "येतो मंडळी." आणि ओट्याओट्यावरनं सगळं गाव, "या, या!"

ठकूबाईला मात्र ते खटकायला लागलं. गावचा पाटील भिवाजी तिचा चुलत दीर. ती त्याच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, ह्यो माणूस पाणी पिताना पाण्याकडं बघत न्हाई."

"मग काय बघतो? तुला?" ओट्यावरची माणसं हसली.

"काठ बघतो. उतार बघतो. सावली कुठवर येती ते बघतो. तहानलेलं माणूस असं बघत न्हाई."

"वैनी, तुला पाव्हण्याच्या पायताणाचा सुदीक संशय."

"पायताणाचाच हाय. एवढा डोंगर चढून येतो म्हणतो आन् पायताणावर धूळ न्हाई. हितंच कुठंतरी आडोशाला मुक्काम हाय त्याचा. आन् दुसरं सांगू? इतक्यांदा माझ्या हातचं पाणी प्याला. झरा कुठं हाय, आटतो कधी, खडक किती खोल, समदं इचारलं. बाई, तुझं नाव काय, तुला मागंपुढं कोण हाय, हे एकदा न्हाई इचारलं."

"का? लगीन लावायचंय व्हय त्याच्यासंगं?"

ओटा परत हसला. ठकूबाई घरी गेली. हसणाऱ्यांत आमच्या घराण्यातलेही होते. लपवून काय करायचं?

मग एका सकाळी बाया घागरी घेऊन गेल्या तर टाक्याभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण. आत झोपडी, झोपडीपुढं गुरांचा वाडा. गाव काठ्या घेऊन धावलं. हा आतनं हात जोडतच बाहेर आला. "असं काय करता? मी काय चोरून आलोय? दर खेपेला सांगून गेलो, येतो म्हणून. तुम्हीच म्हणालात, या."

गोष्ट देशमुखाच्या सदरेवर गेली. आजूबाजूच्या गावांचे पाटील-मानकरी न्यायाला बसले. त्या माणसानं एवढंच मागणं केलं, की भिवाजी पाटलानं शपथेवर सांगावं, गाव मला 'या' म्हणालं का नाही. भिवाजी काय बोलणार?

"म्हणालं."

"कुणी कधी 'येऊ नको' म्हणालं?"

"न्हाई."

निवाडा झाला. गावानं ज्याला 'या' म्हटलं तो पाव्हणा. पाव्हण्याला जो उठवील त्याचं वतन जाईल. त्यानं स्वतःच्या तोंडानं 'जातो' म्हणावं, गावानं ते ऐकावं, मगच जागा मोकळी. ह्यावर सदर हसली म्हणे. हसायचीच. जितं माणूस आपल्या तोंडानं 'जातो' कशाला म्हणेल? त्या साली देशमुखाच्या गोठ्यात खिलारी बैलांची नवी जोडी आली, असंही सांगतात. कुणाकडनं आली ते कुणी सांगत नाही. मी दरवेळी विचारते.

तेव्हापासनं गाव त्याला येतोबा म्हणायला लागलं. म्हणजे शिवी बरं का ती. आता तिला शेंदूर फासलाय.

येतोबाच्या राज्यात पाण्याचे हाल सुरू झाले. कुंपणाला एक फट ठेवली होती. बायांनी तिथं उभं राहून पाणी मागायचं, आधी त्याची गुरं पिणार, मग त्याच्या मनात आलं तर घागर भरायला आत सोडणार. गावचे पुरुष आत येता कामा नयेत. लोक ओढ्याच्या वाळूत खड्डे खणून गढूळ पाणी प्यायला लागले. लेकरांची पोटं बिघडली. कुणाची गाय गेली, कुणाचं रेडकू. दोन घरांनी तर भांडीकुंडी डोक्यावर घेतली आणि गाव सोडलं. टाकं गेलं असतं तर सगळीच गेली असती. मग शिळोशी कुठली आणि हे सांगायला मी कुठली?

चैत्र आला. टाक्यात तळाला ओंजळीओंजळीनं पाणी राहिलं, झऱ्यातनं पाझरेल तेवढंच. वैशाख लागला तशी एका सकाळी ठकूबाई घागर घेऊन फटीपाशी आली. येतोबानं तिला आत सोडलं. ती पायऱ्या उतरली, घागर बाजूला ठेवली, आणि झऱ्याच्या तोंडावर मांडी घालून बसली.

बसली ती बसलीच. झरा दबला. येतोबा वरनं ओरडला, "बाई, ऊठ की. गुरं तहानलीत."

"गावाची बी तहानलीत," ती म्हणाली.

त्यानं दम दिला, हाता-पाया पडला, काकणं दाखवली. ती हलेना. हात धरून ओढून काढावं तर परक्या बाईच्या अंगाला हात, तोही सगळ्या गावासमोर. तेवढी अक्कल त्याला होती. पाव्हणा म्हणून मिळालेली जागा त्या एका हातानं गेली असती. तोवर सगळं गाव कुंपणाबाहेर गोळा झालेलं. भिवाजी पाटील पुढं, मान खाली घालून. ऊन चढलं. टाक्यातलं होतं ते पाणीही वाळलं. येतोबाची गुरं खुंट्यांना हिसके देत हंबरायला लागली. ठकूबाईचे ओठ फुटले होते म्हणे, पण डोळे उघडे होते.

मग तीच बोलली. "उठते मी. पर माझी मी उठायची न्हाई. असं रुसून बसलेल्या बाईला माहेरच्या माणसानं हात धरून उठवायचं असतं. माझ्या भावाला निरोप धाडा. तो आला की उठते."

तिला भाऊ नव्हता, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. आणि ती टाक्यात बसून बोलत होती. आत खोटं बोललं तर काय होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या येतोबाला. कारण त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"कुठं असतो भाऊ?"

"डोंगरापल्याड."

येतोबा गावाकडं वळला. "अरे, कोण जातो?"

कुणी हललं नाही. आधी भीतीनं हललं नाही. मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात यायला लागलं, की ठकू काय करतीय. मग तर कुणी पापणीसुद्धा हलवली नाही.

"कोण जातो म्हणतोय मी! माणसं हायसा का दगडं?"

एका म्हशीनं खुंटा उपटला. दुसरी गुडघ्यावर बसली. येतोबानं पागोटं आवळलं, काठी उचलली, फटीतनं बाहेर आला आणि माणसांना ढकलत ओरडला, "सरका तिकडं! मीच जातो!"

भिवाजी पाटलानं मान वर केली आणि म्हणाला, "जा."

मग सगळं गाव. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. "जा!"

तेव्हा त्याला कळलं म्हणे. तो थांबला, मान वळवायला लागला, तोंड उघडलं, 'ये' एवढं अक्षर बाहेर पडलं. 'तो' पडलं नाही. होता तिथंच दगड झाला. डाव्या अंगाला वर जो फुगवटा दिसतो ना, ती वळायला निघालेली मान. माणसाचा दगड होतो का, हे मला विचारू नका. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्या पुस्तकात तसलं काही नव्हतं. पण दगड तिथं आहे आणि त्याची पाठ गावाकडं आहे. दोन्ही हात लावून बघा. हातच लावा, डोकं टेकू नका.

इकडं टाक्यात खडकाच्या पोटात घुमल्यासारखं झालं. भिवाजी पाटील काटे तुडवत आत धावला. तोवर ठकूबाईच्या मांडीवर पाणी आलं होतं. त्यानं पागोटं सोडून खाली फेकलं.

"वैनी, धर! वर ये!"

तिनं पागोट्याचं टोक हातात घेतलं आणि सोडून दिलं. "भाऊजी, टाक्यात बसून बोललेय मी. गावाला पाणी पायजे असंल तर मला आता उठवू नका." मग तिनं खाली, झऱ्याकडं बघितलं. तिचा चेहरा निवला, असं सांगतात. म्हणाली, "आला बघा." आणि पाणी छातीला लागलं तेव्हा वर काठाकडं बघून म्हणाली, "येते."

काठावरच्या बाया म्हणाल्या, "ये."

पाणी काठापर्यंत आलं आणि थांबलं. वैशाखाचे दिवस होते.

पुरुष सांगतात, ती खोटं बोलली म्हणून पाण्यानं तिला नेलं. नेम म्हणजे नेम. बाया सांगतात, खोटं कुठलं? तिनं भावाला निरोप धाडला आणि भाऊ न्यायला आला. मी दोन्ही ऐकलंय. ज्यांनी ओट्यावर बसून तिला हसण्यावारी नेलं, त्यांनी ती खोटी ठरवावी ह्याचं मला काही नवल वाटत नाही.

आजही भाऊबीजेला शिळोशीच्या बाया आधी टाक्यात उतरून झऱ्याला ओवाळतात, मग घरी भावाला. आजही पाव्हण्यानं 'जातो' म्हणायचं आणि आम्ही 'जा' म्हणायचं. 'येतो' म्हणायची मुभा गावच्या माणसालाच. गावचं माणूस बाहेर निघालं की टाक्यापाशी थांबून म्हणतं, 'येतो', आणि टाक्यावरचं म्हणतं, 'ये.' त्या उत्तराशिवाय पाऊल उचलायचं नाही.

आता गावात माणसं किती वाढलीत ते तुम्ही बघताच. रस्ता रुंद झाला. टेकडीच्या उतारावर बंगले चढले. बंगल्यात राहायला आलेली काही माणसं बरी आहेत. एक मास्तरीणबाई तर पोरांना बोलावून गणितं शिकवते. पण बऱ्याच जणांना आमच्या कोंबड्याच्या आरवण्याचा त्रास होतो आणि शेणाच्या वासाचा. खोरं आवडतं, खोऱ्यातली माणसं नकोत. आणि शिवेवर मोठा फलक लागलाय, 'येतोबा हिल्स'. नाव कुणाचं दिलं बघा. सगळ्या गावात तेवढंच सापडलं.

फलक लावणारा परका नाही. अंकुश, भिवाजी पाटलाच्याच वंशातला, नात्यानं माझा पुतण्या. टाक्याभोवतीची जमीन त्याच्या वाट्याला आलीय. ती 'हिल्स'वाल्यांना द्यायची त्याची बोलणी चाललीत. म्हणतो, टाक्याचं सुशोभीकरण होईल. मी विचारलं, कुंपण असणार का? म्हणाला, "काकी, कुंपण सेफ्टीसाठी. गेट असंल की."

मागच्या रविवारी तो एका नवरा-बायकोला घेऊन आला. मी त्यांना चहा दिला, ही सगळी हकीकत सांगितली. नवऱ्यानं गॉगल वर करून विचारलं, "पाणी बारमाही आहे का? बोअरला लागतं का?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आता कुठं बघताय?" तो काठाकडं बघत होता. बायको मात्र पाण्याकडं बघत होती. निघताना ती टाक्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं."

"शालन," मी म्हटलं. विचारलं म्हणून सांगितलं. विश्वास बसला असं नाही.

"जाते," ती म्हणाली.

"जा," मी म्हटलं. नवऱ्यानंही हसत हसत 'जातो' म्हटलं. त्यालाही 'जा' म्हटलं, न हसता.

अंकुश गाडीचं दार उघडता उघडता सवयीनं म्हणाला, "येतो काकी."

मी कळशी बुडवत होते. बुडवत राहिले.

"काकी, येतो म्हटलं. 'ये' म्हण की."

"तिथनं नको," मी म्हटलं. "पायऱ्या उतर. पाण्यात उभा राहा. आणि मग म्हण, येतो."

"काकी, तुला घरच्या माणसाचा पण संशय."

"उतर."

पाहुणे गाडीत बसून बघत होते. अंकुशनं पायऱ्यांकडं बघितलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. त्यानं बुटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. मग दार ओढून घेतलं. 'येतो' नाही की 'जातो' नाही. गाडी दगडाला वळसा घालून उतारानं खाली गेली.

जमीन अजून दिलेली नाही, असं तो म्हणतो. म्हणू दे. दगड आजही तिथंच आहे, पाठ गावाकडं, तोंड शहराकडं, मान वळायच्या बेतात. आणि टाक्यावर आजही दिवसभर कुणीतरी बसलेलं असतं. बहुतेक मीच. येणाऱ्या प्रत्येकाच्या पायताणाकडं बघत.